कावळ्याची वाट: श्रद्धा सुटलेल्या माणसाने दुःखाचे दिवस कसे काढावेत

आई गेली त्याच्या दहाव्या दिवशी घाटावर पिंड मांडून आम्ही सगळे वीस पावलं मागे सरकून उभे होतो. कावळे होते, चांगले सात-आठ होते, पण पिंपळावर बसून नुसते बघत होते. दादा हात जोडून पुटपुटत होता, "शेताचं बघतो, धाकट्याचं बघतो, काळजी करू नको." मामांनी मला कोपराने ढोसलं. "तू बोल. तुझ्यातच जीव अडकलाय तिचा." देवळात हात जोडायचं सोडून मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तरी मनातल्या मनात म्हणालो, "आई, येऊ दे ना एक." पाऊण तास गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला उठली.

त्या रात्री मला स्वतःची फार लाज वाटली. आता वाटत नाही. पण त्यानंतरचं वर्ष मी जसं काढलं तसं कुणी काढू नये असं वाटतं, म्हणून हे लिहितोय. देव आहे की नाही या वादाला यातलं काहीच उपयोगी पडणार नाही.

काय गेलं, ते आधी मोजून घ्या

श्रद्धा सुटलेल्या माणसाच्या घरात मरण आलं की तीन गोष्टी हाताशी नसतात. पहिली म्हणजे पुन्हा भेटीची आशा. दुसरी, कारण: 'आयुष्याची दोरी तेवढीच होती', 'विठ्ठलाने सोडवलं तिला'. तिसरी गोष्ट आपण कधी मोजतच नाही, ती म्हणजे वेळापत्रक. पहिल्या दिवशी शेजारणीने आणलेला कडू घास, तिसऱ्या दिवशी सावडणं, मग दहावा, बारावा, तेराव्याचं गोड जेवण, पुढे मासिक, वर्षश्राद्ध आणि भाद्रपदातला पितृपंधरवडा. त्या-त्या दिवशी कुणी यायचं, काय रांधायचं, रडायचं कधी आणि कामाला लागायचं कधी, सगळं ठरलेलं.

यातली पहिली गोष्ट परत मिळत नाही. मिळेल असं सांगणाऱ्याकडे जायचं नसेल तर ते दुःख दुःख म्हणूनच सोसावं लागतं. दुसरीवर थोडा इलाज आहे, तो पुढे सांगतो. तिसरी मात्र पूर्णपणे आपल्या हाताने बांधता येते, आणि बहुतेक नास्तिक नेमकं तेच करत नाहीत. विधी नको म्हणून मोकळे होतात आणि चौथ्या दिवशी ऑफिसला जातात. मीही गेलो होतो. सतराव्या दिवशी एसटी स्टँडवर एका बाईच्या पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी बघून बाकावर बसलो, तो दोन गाड्या सुटेपर्यंत उठलोच नाही.

माणूस जिवंत असतानाच विचारा

विषय काढणं अवघड असतं. आमच्याकडे 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून गप्प बसवतात. दुसऱ्या कुणाच्या मयतीला जाऊन आल्यावरची संध्याकाळ त्यातल्या त्यात बरी. चहा पिताना विचारायचं, "तुमचं कसं करायचं?" म्हातारी माणसं यावर आपल्याला वाटतं त्याहून मोकळी बोलतात.

मग नियम एकच: ज्याचं मरण, त्याचा शब्द. माझी आई माळकरी होती. तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, पुढे भजनी मंडळ हे तिने दादाला स्वच्छ सांगून ठेवलं होतं. मी त्यात टाळ धरला. देवाशी माझं काही देणंघेणं उरलं नसलं तरी आईला दिलेला शब्द होता. उलट, गेलेला माणूस आयुष्यभर विधी नाकारत आला असेल आणि नातेवाईक त्याच्या नावाने पिंड पाडायला निघाले असतील, तर तिथे मात्र कंबर कसून उभं राहावं.

असं उभं राहताना आपण काही जगावेगळं करत नाही हे माहीत असलेलं बरं. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला, तेव्हापासून महाराष्ट्रात भटजीशिवाय लग्नं आणि अंत्यविधी होत आले आहेत. सावरकर १९६६ साली गेले तेव्हा दहावा-तेरावा करू नका असं सांगून गेले होते, आणि त्यांना विद्युतदाहिनीत अग्नी दिला गेला. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीशिवाय त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, मुलगी मुक्ता हिने अग्नी दिला आणि रक्षा त्यांच्या शेतात पसरली. फुले, सावरकर आणि दाभोलकर ही तीन नावं एका वाक्यात घेतली की प्रत्येक घरातला निदान एक काका तरी गप्प होतो. हा अनुभवाचा सल्ला आहे.

पहिले सहा तास

या वेळात रडायला मिळालं तर रडून घ्या, पण एका शांत डोक्याच्या माणसाकडे फोन सोपवा. शक्यतो तो जावई किंवा मित्र असावा, सख्खा मुलगा नको.

मृत्यू घरी झाला असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना बोलवा. मृत्यूच्या कारणाचा दाखला त्यांच्याकडून घ्यावा लागतो. घरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ आणि रुग्णालयातल्यासाठी नमुना ४. तो नसेल तर स्मशानाचा पास अडतो. मृत्यू अचानक, अपघाती किंवा संशयास्पद असेल तर डॉक्टर दाखला देत नाहीत. पोलिसांना कळवावं लागतं आणि बहुधा शवविच्छेदन होतं.

नेत्रदान करायचं असेल तर ते सहा तासांच्या आत व्हायला हवं, जितकं लवकर तितकं चांगलं. गेलेल्या माणसाने फॉर्म भरलेला नसला तरी चालतं, जवळच्या नातेवाइकांची संमती पुरते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा किंवा मधुमेह असलेलं माणूसही नेत्रदान करू शकतं. नेत्रपेढीची माणसं घरी येतात. ती येईपर्यंत पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा आणि डोक्याखाली उशी द्या. चेहरा विद्रूप होत नाही. हे आत्याला आधीच सांगा, कारण 'पुढच्या जन्मी आंधळी येईल' हे वाक्य तिच्याकडूनच येणार असतं.

देहदानात बहुतेकांची फसगत होते. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याखाली वैद्यकीय महाविद्यालयं देह स्वीकारतात, पण शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत, आणि काही संसर्गजन्य आजारांतही नकार येतो. दाभोलकरांनी देहदान ठरवलं होतं. खुनानंतरच्या शवविच्छेदनामुळे ते होऊ शकलं नाही. तेव्हा जवळच्या महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा नंबर आधीच लिहून ठेवा, रात्री-अपरात्री देह घेतात का ते विचारा, आणि नकार आला तर काय करायचं तेही ठरवून ठेवा. ऐनवेळी 'आता काय' म्हणून घर हवालदिल झालं की पुढाकार आपोआप मामांकडे जातो. फॉर्म भरलेला असला तरी प्रत्यक्षात नातेवाइकांनी नेऊन दिला तरच देह पोचतो.

स्मशानात जिंकायचं काही नसतं

माझा सल्ला असा की निघण्यापूर्वी, तिरडी बांधली जात असतानाच, मनात तीन खण करा. मी स्वतः काय करणार नाही. इतरांनी केलं तर मला काय चालेल. आणि काय झालेलं मी अजिबात चालू देणार नाही.

माझ्या पहिल्या खणात मुंडण आणि पिंड होते. ते दादाने केलं, त्याची श्रद्धा आहे. दुसऱ्या खणात जवळपास सगळंच: दिवा, तुळशीपत्र, तोंडात गंगाजल, मडक्याला भोकं पाडून मारायच्या फेऱ्या. कुणाला त्याने बरं वाटत असेल तर माझं काय जातं? तिसऱ्या खणात मी एकच गोष्ट ठेवली होती. ती आईच्या वेळी लागली नाही, चुलते वारले तेव्हा लागली. काकूच्या बांगड्या फोडायला आणि कुंकू पुसायला बायका पुढे झाल्या तेव्हा मी आणि चुलतबहीण मध्ये उभे राहिलो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. "सरकारनेच बंद केलंय, काकी" एवढं म्हटलं की हात थांबतात. तत्त्वज्ञान सांगायला गेलात तर थांबत नाहीत. सगळी ताकद अशा एका ठिकाणासाठी राखून ठेवा आणि बाकी सोडून द्या.

वाद उकरणाऱ्याला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगा: "आत्ता नको, तेराव्यानंतर बसून बोलू." तेराव्यानंतर कुणी बसत नाही.

विधी नको असतील तर त्या जागी काही तरी हवंच. नुसतं बटण दाबून दाहिनीचं दार बंद झालं की माणसं बावचळल्यासारखी एकमेकांकडे बघतात आणि 'हे काय, कुत्र्यासारखं जाळलं' असं कुणी तरी पार्किंगमध्ये म्हणतंच. म्हणून घरी अंघोळ शक्यतो घरच्यांनी घालावी. अंघोळ घालताना हाताला गार लागतं, आणि मरण खरंच झालंय हे मनापेक्षा आधी हाताला कळतं. दाहिनीपुढे सगळ्यांनी गोलात उभं राहावं, एकाने दोन मिनिटं बोलावं: नाव, जन्मगाव, काय काम केलं, मागे कोण आहे. मग एक मिनिट शांतता, प्रत्येकाकडून एक फूल, आणि सगळ्यात जवळच्या माणसाने बटण दाबावं. ते माणूस बाई असेल तर फारच चांगलं. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेत पुढे टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, धरून सावित्रीबाई चालल्या होत्या.

तेरा दिवस आपल्या हाताने बांधा

सगळ्यात महत्त्वाचं काम हे. पहिल्याच रात्री एका मोठ्या कागदावर तेरा रकाने आखा आणि कागद स्वयंपाकघरात चिकटवा.

पहिले तीन दिवस घरात चूल पेटवायची नाही. कारण सुतक नव्हे, कारण त्या हातांना भाजी चिरताना बोट कापायची वेळ येते. शेजारी, मित्र, भावकी यांना वेळा वाटून द्या. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला लगेच सांगायचं, "उद्या दुपारचं पिठलं-भाकरी सहा माणसांची." लोकांना काम दिलेलं आवडतं. रात्री घरात बाहेरची दोन माणसं झोपायला ठेवा.

तिसऱ्या दिवशी रक्षा आणायला सगळ्यांनी मिळून जा. ती नदीतच सोडायला हवी असं नाही. कोल्हापूर-सांगलीकडे शेतात रक्षा पसरून त्यावर झाड लावायची पद्धत आता बरीच रुळली आहे. एक सूचना: झाड लावणार असाल तर पाण्याची सोय असलेल्या जागी लावा आणि रोपाच्या मुळाशी राखेचा ढीग करू नका, आजूबाजूच्या मातीत पातळ मिसळा. आठवणीचं झाड वाळलं की दुसरं मरण झाल्यासारखं घर हळहळतं. आमच्या एका शेजाऱ्यांकडे हे झालं आहे.

चौथ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवा, संध्याकाळी पाच ते सात. दिवसभर येणारं माणूस आणि दर वेळी 'कसं झालं हो?' पासून सुरुवात, याने घरचे पिळून निघतात. फोटोजवळ एक शंभर पानी वही ठेवा आणि प्रत्येकाकडून एक आठवण लिहून घ्या. लिहिता न येणाऱ्यांची आपण लिहून घ्यायची. आईच्या वहीत एका भाजीवाल्या मावशींनी सांगितलं होतं की माझ्या फीसाठी आईने त्यांच्याकडून दोनदा पैसे घेतले होते आणि दोन्ही वेळा पौर्णिमेच्या आत फेडले होते. घरात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल नवं काही कळणं संपलेलं नसतं. त्या वहीने मला जेवढं सावरलं तेवढं कशाने सावरलं नाही.

सकाळी रोज एक कागदी काम, एकच. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. मृत्यू घरी झाला असेल तर कळवायची जबाबदारी घरच्यांची. उशीर झाला तर आधी विलंब शुल्क आणि मग परवानग्या मागे लागतात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. बँक, विमा, पेन्शन, वीजमीटर, शेत असेल तर सातबाऱ्यावर वारसनोंद. कामं कोरडी असतात, पण प्रत्येक खिडकीवर 'त्या वारल्या' असं तोंडाने म्हणावं लागतं, आणि दहाव्यांदा म्हणताना आवाज कापत नाही.

तेराव्या दिवशी स्मरणसभा. दीड तास, त्याहून जास्त नको. अध्यक्ष नको, शाल-श्रीफळ नको, नगरसेवक तर नकोच. पाच-सहा माणसांनी पाच-पाच मिनिटं बोलावं आणि त्यात निदान एक माणूस घराबाहेरचं असावं: रिक्षावाले, वर्गातली बाई, दवाखान्यातली आया. गेलेल्या माणसाला गाणं आवडत असेल तर गाणं, अभंग आवडत असतील तर अभंग. अभंग ऐकायला माळ घालावी लागत नाही. मी आजही ऐकतो आणि रडू आलं तर रडतो. शेवटी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. पंगत टाळू नका, ती दक्षिणेसारखी नाही. तेराव्याचं गोड जेवण हे 'आता उठा' असं सांगणारं जेवण आहे आणि ते सांगणारे लोक समोर बसलेले लागतात.

आणि चौदावा. त्या दिवशी सगळे जातात, सतरंज्या परत जातात, घर एकदम मोठं होतं. कागदावर चौदावा रकाना काढा आणि त्यात कुणाचं तरी नाव लिहा.

रजेबद्दलही सांगतो. सुतक ही कल्पना मला पटत नाही, पण सुतकामुळे माणसाला एक प्रतिष्ठित सुट्टी मिळते: सण नाही, लग्नकार्याला जाणं नाही, कुणी हसायचा आग्रह करत नाही. आपण सुतक पाळत नाही म्हटलं की लोक लगेच गणपतीच्या वर्गणीला येतात. स्पष्ट सांगा, "मी या वर्षी कुठे येत नाहीये." कारण विचारलं तर "आई गेली" एवढं कारण पुरे.

लोकांचे शब्द

'आत्म्याला शांती लाभो' असे तीनशे निरोप येतील. त्यातला आत्मा सोडा, माणूस बघा. उत्तर 'आभारी आहे' एवढंच. छापायच्या मजकुरात मात्र आपले शब्द आपण निवडावेत. 'कै.' म्हणजे कैलासवासी, 'वै.' म्हणजे वैकुंठवासी, दोन्ही नको असतील तर 'दिवंगत' आहेच. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या जागी 'आदरांजली' लिहिता येतं. आईच्या पत्रिकेत मी 'वै.' ठेवलं. ती वैकुंठालाच निघाली होती, तिकीट तिचं होतं.

एखादी मावशी म्हणेलच, "कावळा शिवला नाही, बिचारीचं काहीतरी राहून गेलं." हे वाक्य डोक्यात घर करतं, श्रद्धा असो वा नसो. कावळा भूक, गर्दी आणि भीती बघून खाली उतरतो हे आपल्याला माहीत असतं, तरीही करतं. कारण काहीतरी राहून गेलेलं असतंच, आपलं.

'तेव्हाच नेलं असतं तर...'

सश्रद्ध माणसाला यावर उत्तर असतं: वेळ आली होती. आपल्याकडे ते नाही, त्यामुळे सगळा हिशेब स्वतःच्या अंगावर येतो. आई पोटात दुखतंय म्हणत होती तेव्हा मी अॅसिडिटीची गोळी दिली होती. तीन आठवडे. या वाक्याबरोबर मी आठ महिने झोपलो.

इलाज म्हणजे एक वही आणि दोन रकाने. डावीकडे, त्या दिवशी मला काय माहीत होतं. उजवीकडे, नंतर काय कळलं. तारखेनिशी लिहायचं. गोळी दिली त्या दिवशी डावीकडे होतं: वय ७१, लग्नातलं जेवण, आधीही असंच दुखून थांबलेलं. निदान उजवीकडे होतं. आपण उजव्या रकान्यातली माहिती घेऊन डाव्या रकान्यातल्या माणसाला शिक्षा देत असतो. दोन्ही कागदावर वेगळे दिसेपर्यंत हे उमगत नाही. शक्य असेल तर ती वही घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकदा भेटा आणि सरळ विचारा. कधी उत्तर 'हो, फरक पडला असता' असंही येतं. तेव्हा ती चूक आहे म्हणून कबूल करायची आणि गेलेल्या माणसाने आपल्याला काय म्हटलं असतं ते विचारायचं. माझी आई म्हणाली असती, "मर मेल्या, जेवून घे."

देह भस्म झाल्यावर परतणं कुठलं, असं चार्वाकाचं वचन आहे. मला ते पटतं. पहाटे तीन वाजता ते काही कामाचं नसतं.

रात्री

दुःखाच्या पाच पायऱ्यांच्या मागे लागू नका. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार ही एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेली यादी स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून तयार झाली होती. मागे राहिलेल्यांना ती नंतर लावली गेली. जिन्यासारखं दुःख चढून संपत नाही. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं मला जास्त खरं वाटतं: माणूस दुःखाकडे जातो, मग संसाराकडे येतो, परत दुःखाकडे. हे हेलकावे निरोगी असतात. तेव्हा विनोदावर हसू आलं तर अपराधी वाटून घेऊ नका.

गेलेल्याची हाक ऐकू येईल, कदाचित दारात उभं असलेलंही दिसेल. मला आईच्या चपलांचा आवाज यायचा. आपण नास्तिक असलो की दोन भीती एकदम वाटतात: 'डोकं फिरलं का?' आणि 'म्हणजे ते सगळं खरं होतं का?' १९७१ साली वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरने २९३ विधवा-विधुरांशी बोलून पाहिलं, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना जोडीदार असल्याचा भास झाला होता. चाळीस वर्षं जो आवाज कान ओळखत आलेत तो एका रात्रीत विसरत नाहीत. घाबरू नका. मी तर आवाज आला की "हं" म्हणायचो.

एखाद्या रात्री देवापुढे जाऊन बसावंसं वाटलं तर बसा. कुणी परीक्षा घेत नाही. काहीजण परत सश्रद्ध होतात, तेही ठीक. मात्र 'आईशी बोलवून देतो' म्हणणारे बुवा, प्लँचेट, आणि पितृदोषाची शांत करून देणारे यांच्या दारात पहिलं वर्षभर पाऊल टाकू नका. ते लोक वर्तमानपत्रातले निधनवार्तांचे रकाने वाचतात.

काही वेळा हे घरगुती उपाय पुरत नाहीत. जेवण-झोप पूर्ण विस्कटलेली आहे, दारू वाढते आहे, सहा महिने-वर्ष उलटूनही पहिल्या आठवड्याइतकंच तीव्र आहे आणि कामधाम ठप्प आहे, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. या लांबलेल्या शोकाला आता वैद्यकात वेगळं निदान आहे आणि त्यावर उपचार आहेत. 'आपणही जावं' असा विचार येत असेल तर वाट पाहू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मुलांना

'आजी झोपली' म्हणू नका, मूल झोपायला घाबरतं. 'बाप्पाकडे गेली' म्हणाल तर ते बाप्पावर चिडतं किंवा कधी येणार ते विचारत राहतं. आजी मेली, तिचं शरीर बंद पडलं, तिला आता दुखत नाही आणि ती परत येणार नाही. एवढं सांगा, आणि तेच पुन्हा आठ दिवसांनी सांगायची तयारी ठेवा. माझ्या पाच वर्षांच्या मुलीने सगळं नीट ऐकून विचारलं, "मग तिचा मोबाइल कोणाला?" मुलं अशीच आत-बाहेर करतात.

वर्ष फिरून येतं तेव्हा

वाढदिवस, दिवाळी आणि मृत्यूची तारीख या तीन दिवसांना आधीच काम नेमून ठेवा. रिकामे सोडले की ते अंगावर येतात. पितृपंधरवड्यात सगळ्या घरांतून भरड्याच्या वड्यांचा वास येतो आणि आपल्याकडे काहीच नसतं, हे मला पहिल्या वर्षी फार लागलं. दुसऱ्या वर्षीपासून त्या पंधरवड्यातल्या एका रविवारी आम्ही आईच्या हातचे पदार्थ करतो, वही काढतो, मुली वाचून दाखवतात. दादा त्याच्याकडे पान ठेवतो, जेवायला मात्र आमच्याकडे येतो. वडे त्याच्याकडचे चांगले असतात, हे मान्य करायला हवं.

आपली पाळी

हे सगळं झाल्यावर स्वतःची कागदपत्रं करायची राहू देऊ नका. मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे. अखेरच्या आजारात व्हेंटिलेटरवर किती ठेवायचं याचं इच्छापत्र वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ मध्ये मान्य केलं आणि २०२३ मध्ये सोपं केलं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं.

अंत्यविधीबद्दलच्या इच्छा मात्र मृत्युपत्रात घालू नका, कारण मृत्युपत्र उघडलं जातं तेव्हा राख थंड झालेली असते. एका पानाचं साधं पत्र लिहा: डोळे, देह, दाहिनी, कोण बोलेल, काय जेवायला, बायकोच्या बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही. त्याखाली मुलांच्याही सह्या घ्या, म्हणजे ऐनवेळी मामा त्यांना दटावू शकणार नाहीत. चार प्रती काढा. एक बायकोकडे, एक मुलीकडे, एक ज्याला नातेवाईक घाबरतात अशा मित्राकडे, आणि एक फ्रिजच्या वर, बिलांच्या गठ्ठ्यात. कपाटात ठेवू नका. मेलेल्या माणसाच्या कपाटाची किल्ली पहिल्या सहा तासांत कधीच सापडत नाही.